धडगावातला साठ लिटर दर्या

मंडळी, ऑफिसात एखाद्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवर निळ्या पाण्यात डुलणारे प्रवाळ दिसायला लागले की खुशाल समजावं, गडी कामातून गेला! सहा महिन्यांत त्याच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा रीफ टँक येणार, विजेचं बिल फुगणार आणि लंच टाइमला तो अप्रेझलऐवजी नायट्रेटवर बोलणार. आमच्या टीममध्ये असे तिघं आहेत. चौथी मी. गेली चार वर्षं माझ्याही खिडकीशेजारी एक छोटा टँक आहे, त्यामुळे या जमातीच्या सगळ्या खोडी मला आतून माहीत आहेत.

त्यातली सगळ्यात मोठी खोड म्हणजे शून्याचं वेड.

आमच्याच टीममधल्या एका मित्राचं बघा. बाणेरचा फ्लॅट, ३०० लिटरचा टँक, खाली कपाटात पाइपांचं जंगल. फेस काढून घाण वेगळी करणारा प्रोटीन स्किमर चोवीस तास चालू. फॉस्फेट शोषून घेणाऱ्या लोहाच्या दाण्यांचा रिअॅक्टर वेगळा. आणि शिवाय रोज काही मिलिलिटर व्होडका! हसू नका, ही खरीच पद्धत आहे. व्होडकातल्या कार्बनवर जिवाणू पोसतात, वाढता वाढता पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खातात आणि मग स्किमरमधून फेसाबरोबर बाहेर पडतात. (परमिट कुणाच्या नावावर काढायचं, टँकच्या की मालकाच्या, यावर आमचा एक अख्खा चहा-ब्रेक गेलाय.) दर रविवारी ग्रुपवर फोटो यायचा: नायट्रेट शून्य, फॉस्फेट ०.००. खाली आमच्या टाळ्या.

पण त्या फोटोत आकड्यांच्या मागे जे दिसायचं, ते काही टाळ्या वाजवण्यासारखं नव्हतं. लेदर कोरल आक्रसून बसलेलं. मशरूम फिके, जुन्या धुवट टी-शर्टसारखे. आणि वाळूवर तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर. तो थर बघून आमचा मित्र आणखी साफसफाई करायचा. पाणी बदल, गाळणी बदल, खाणं निम्म्यावर. टँक जितका 'स्वच्छ' होत गेला, तितकं आत मरायला लागलं. दोन कोरल गेली.

याच्या बरोबर उलटा टँक मी पाहिला तो धडगावात.

हो, धडगावच! नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण. शहाद्याहून घाट चढून सातपुड्यात शिरायचं. उत्तरेला नर्मदा, तालुक्यातच तोरणमाळ, आणि उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी, कारण इथलं आमचूर प्रसिद्ध. समुद्राचा काही संबंध? शून्य! (हे शून्य मात्र खरं.)

माझी होस्टेलची रूममेट तिथे सरकारी डॉक्टर आहे. मूळची मालवणची. म्हणजे महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाची पोरगी थेट उत्तर टोकाला. पहिला पावसाळा तिने कसाबसा काढला, आणि मग फोनवर म्हणाली, "माका दर्या व्हयो गो!" मी म्हटलं, सुट्टी टाक आणि घरी जाऊन ये. तिने सुट्टी टाकली नाही, टँक मागवला. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत, स्टीलच्या स्टँडवर, ६० लिटर. एक विदूषक मासा, एक छोटा गोबी, दोन साफसफाईवाले खेकडे, थोड्या गोगलगायी, आणि मऊ प्रवाळांचे सहा-सात तुकडे. स्किमर नाही, रिअॅक्टर नाही, व्होडका तर नाहीच. मागच्या कप्प्यात फक्त केटोमॉर्फा नावाच्या हिरव्या शेवाळाचा गुंता, स्वस्तातल्या एका दिव्याखाली.

आणि तो टँक काय दिसत होता, काय सांगू! लेदर कोरल हाताच्या पंजाएवढं उघडलेलं. मशरूम गर्द. मी पहिल्यांदा विचारलं ते अर्थातच, "आकडे काय?" तिने टँकच्या बाजूला दोऱ्याने लटकवलेला कागद दाखवला. दवाखान्यात पलंगाला तापमानाचा तक्ता असतो ना, तसाच. नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०६. मागच्या आठवड्यात ५ आणि ०.०५. त्याच्या मागच्या आठवड्यात ४ आणि ०.०६. महिनोन् महिने तेच. बोअर होईल इतकं तेच!

आता थोडा फंडा क्लिअर करू. टँकमध्ये आपण बाहेरून जे काही घालतो, त्यात मुख्य काय असतं? खाणं. मासा ते खातो, उरलेलं सडतं. त्यातून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. फॉस्फेटही खाण्यातूनच येतं. हे दोन्ही म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत खत. जास्त झालं की हिरव्या केसांसारखं शेवाळ माजतं आणि प्रवाळांवर चढतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणूनच सगळे शून्याच्या मागे लागतात.

पण प्रवाळाच्या पेशींमध्येच सूक्ष्म शैवाल राहतं. उन्हातून साखर तयार करून ते प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा त्याचाच. या भाडेकरूला जगायला नायट्रोजन लागतं, फॉस्फरस लागतं. पाणी कोरडं ठाक केलंत तर आधी उपाशी राहतो तो, मग घरमालक. २०१३ साली ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ, अशा पाण्यात प्रवाळ ऊन आणि उष्णतेपुढे लवकर पांढरे पडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे दोन्ही खूप असण्यापेक्षाही एक असणं आणि एक नसणं जास्त धोक्याचं ठरू शकतं. आपल्याकडे फॉस्फेटचा रिअॅक्टर लावून नायट्रेट तसंच ठेवणारे किती आहेत, मोजा जरा. आणि ती वाळूवरची तपकिरी चिकट साय? ती बहुतेक वेळा डायनोफ्लॅजेलेट्सची असते. दोन्ही आकडे तळाला गेले, बाकीचे प्रतिस्पर्धी उपाशी मेले, की हे महाशय मोकळं मैदान बघून पसरतात.

"पण समुद्रात तर रीफच्या पाण्यात काहीच नसतं!" हे आमच्या मित्राचं ठरलेलं वाक्य. बरोबर आहे. गरिबासारखं पाणी आणि त्यात एवढी श्रीमंत वसाहत, हे कोडं डार्विनच्या नावानेच ओळखलं जातं. १८४२ मध्ये त्याचं प्रवाळबेटांवरचं पुस्तक आलं, तेव्हापासून लोक त्यावर डोकं खाजवताहेत. उत्तराचा मोठा भाग असा, की तिथे ताट रिकामं दिसतं पण पंगत अखंड चालू असते. लाटांबरोबर प्लवक येत राहतात, हजारो मासे वरून विष्ठा टाकत राहतात, स्पंज पाण्यात विरघळलेलं अन्न पकडून त्याचा चुरा पुढे देतात. आलेलं लगेच खाल्लं जातं, म्हणून पाण्यात उरत नाही. तुमचं टेस्ट किट फक्त उरलेलं मोजतं. आत किती आलं आणि किती गेलं, हे त्याला कळत नाही. ३०० लिटरमध्ये दोन मासे ठेवून, त्यांना दिवसाआड चिमूटभर घालून शून्य आणलंत, तर ते समुद्राचं शून्य नाही. ती नुसती उपासमार आहे.

चिमटीवरून आठवलं. डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर एक हिशेब करून दाखवला, तो मी फोनमध्ये जपून ठेवलाय. कोरड्या माशांच्या खाण्यात साधारण १ टक्का फॉस्फरस धरा. म्हणजे १ ग्रॅम खाण्यात १० मिलिग्रॅम फॉस्फरस, त्याचं फॉस्फेट होतं सुमारे ३० मिलिग्रॅम. ते सगळं ६० लिटरमध्ये विरघळलं तर ०.५ पीपीएम! तिला हवं असलेल्या आकड्याच्या आठपट, एका ग्रॅमात. प्रथिनं ४५ टक्के धरली तर त्याच ग्रॅममधून नायट्रेट येतं सुमारे ५ पीपीएम. प्रत्यक्षात सगळं पाण्यात उतरत नाही. थोडं माशाच्या अंगी लागतं, थोडं प्रवाळ आणि जिवाणू घेतात, थोडं केटोमॉर्फा. आणि दर महिन्याला त्यातलं मूठभर उपटून फेकलं की त्याच्या अंगातलं नायट्रोजन-फॉस्फरस टँकबाहेर. स्किमरचं काम फुकटात! पण चिमूट म्हणजे किती, हे तिने दवाखान्याच्या सवयीने काट्यावर मोजलंय. आपण मात्र मूड बघून घालतो.

बरं, पाणी बदलल्याने काय होतं, त्याचाही हिशेब करून बघा. नायट्रेट ४० आहे आणि १० टक्के पाणी बदललं, तर होतं ३६. बस. अर्धा दिवस बादल्या उचलून चार पॉइंट! म्हणजे पाणी बदलणं वाईट नाही, ती दर रविवारी ६ लिटर बदलतेच. त्याला २०० ग्रॅमच्या वर थोडं मीठ लागतं. मिठाची बादली मी इथून नेते, बदल्यात आमचूर आणते. सौदा वाईट नाही. पण खाणं तेच ठेवून नुसतं पाणी बदलत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आणि बदलायचं पाणी कुठलं? आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचं जे मानक आहे, त्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. म्हणजे पाणी पिण्याजोगं असूनही टँकला हवं त्याच्या आठ-नऊ पट नायट्रेट त्यात असू शकतं. बोअरचं असेल तर तपासल्याशिवाय नकोच. आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिन, आणि टीडीएस मीटरवर शून्य. एवढ्या एकाच ठिकाणी शून्याचं वेड मान्य!

धडगावात तिची खरी परीक्षा असते ती वीज. पावसाळ्यात गेली की कधी येईल सांगता येत नाही. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप आहे, आणि एक साधा नियम आहे: वीज गेली की टँकमधलं जेवण बंद. प्रवाह थांबला की ऑक्सिजन घटतो, जिवाणूंचं काम मंदावतं, आणि अशा वेळी घातलेलं खाणं थेट अमोनियाच्या खात्यात जमा होतं. मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही. पुण्यातही सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला असतो, तेव्हा हे लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी तिने मला नर्मदेचं बॅकवॉटर दाखवलं. डोंगरांच्या मध्ये पसरलेलं सरदार सरोवराचं पाणी. याच्याखाली गावं गेली, शेतं गेली, जंगल गेलं. महाराष्ट्रातली ३३ गावं या बुडिताच्या यादीत आहेत, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. तिच्याकडे येणाऱ्या पेशंटांमध्ये त्या गावांची माणसं असतात. तिथे उभं राहून टँकबद्दल बोलायला मला कसंतरीच वाटत होतं, पण तीच म्हणाली, "नवीन धरणाचंही असंच असतं बघ. पाण्याखाली गेलेली झाडं सडतात, खत सुटतं, सुरुवातीची काही वर्षं शेवाळ आणि मासे दोन्ही फोफावतात. मग हळूहळू ओसरतं." नवा टँक लावल्यावर पहिल्या दोन-चार महिन्यांत आधी तपकिरी, मग हिरवी अशी जी साथ येते, ती हीच. तेव्हा घाबरून रसायनं ओतायची नसतात. गोगलगायी सोडायच्या, दिवा थोडा कमी ठेवायचा आणि थांबायचं. थांबणं आपल्या पिढीला जमत नाही, हा भाग वेगळा.

त्या संध्याकाळी मी तिला बाणेरच्या टँकचे फोटो दाखवले. तिने झूम केलं, लेदर कोरल बघितलं आणि म्हणाली, "उपाशी आहे." मग बराच वेळ काही बोलली नाही. तिचं निम्मं काम तीव्र कुपोषित मुलांचं. नंदुरबारचं नाव पेपरात येतं तेही बहुतेक त्याच बातमीत. म्हणाली, "मुलांची आणि टाकीची बरोबरी मी करणार नाही, तूही लिहिताना करू नकोस. पण त्याला एक सांग. उपाशी जिवाला एकदम भरपूर खायला घालायचं नसतं."

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तीव्र कुपोषित मूल दाखल झालं की पहिले काही दिवस त्याला एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात, दर दोन-तीन तासांनी, थोडं थोडं. ७५ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी. मूल सावरलं की मग एफ-१००. का? कारण दीर्घ उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न मिळालं की पेशी रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने ओढून घेतात, ते कोसळतं, आणि हृदयापर्यंत सगळं धोक्यात येतं. फॉस्फेट! जे आमचा मित्र व्होडका ओतून ओतून टँकमधून हाकलत होता, तेच. "म्हणून आम्ही रोज वजन करतो, रोज लिहितो, आणि घाई करत नाही," ती म्हणाली. टँकचा तक्ता दोऱ्याने का लटकतोय, ते मला तेव्हा कळलं.

पुण्यात परत आल्यावर आम्ही बाणेरला बसलो. आधी व्होडका रोज थोडी थोडी कमी करत दोन आठवड्यांत बंद. रिअॅक्टरमधले दाणे निम्मे काढले, दहा दिवसांनी उरलेले. स्किमर फक्त रात्री. माशांना दिवसातून दोनदा, पण मोजून. फ्रोझन खाणं गाळणीत धुऊन. दिव्याची तीव्रता थोडी खाली, कारण उपाशी प्रवाळाला प्रखर उजेड सोसत नाही. आठवड्यातून दोनदा टेस्ट, त्याच वेळी, त्याच किटने. पहिले तीन आठवडे काहीच हललं नाही. मित्र जाम अस्वस्थ! फॉस्फेट घालतोय तरी शून्यच कसं? कारण टँकमधले खडक कॅल्शियम कार्बोनेटचे, ते आधी स्वतः फॉस्फेट पिऊन घेतात. (उलटंही होतं. माजलेल्या टँकमधून तुम्ही फॉस्फेट काढलंत, की आठवड्याने खडक पुन्हा सोडतात आणि आकडा परत वर.) सहाव्या आठवड्यात ०.०४ दिसलं, नायट्रेट ४. मशरूमना रंग आला. लेदर कोरलने एक जुनी साल टाकली आणि उघडलं. वाळूवरची साय जायला मात्र पुढचे दोन महिने लागले. गेलेली दोन कोरल परत आली नाहीत.

मोजमापाचं विचाराल तर घरच्या टँकला नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात कुठेही चालतं. इंटरनेटवर कुणीतरी तुम्हाला रेडफिल्डचं १६ : १ हे गुणोत्तर सांगेल. अल्फ्रेड रेडफिल्ड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये समुद्राच्या पाण्यातल्या आणि प्लवकांमधल्या नायट्रोजन-फॉस्फरसचा जो मेळ दाखवला, त्यातून ते आलंय. पण ते अणूंच्या संख्येचं आहे. तुमच्या किटच्या पीपीएममध्ये तेच सुमारे १० : १ होतं. आणि तेही गाठायच्या मागे लागू नका. माझं मत विचाराल तर ५ आणि ०.०६ वर सहा महिने बसलेला टँक हा दर आठवड्याला 'परफेक्ट' होणाऱ्या टँकपेक्षा केव्हाही सरस.

एक कायद्याची गोष्ट, कारण दुकानदार ती सांगतीलच असं नाही. दगडी प्रवाळ, म्हणजे रीफ बांधणारे सगळे, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाच्या रांगेत! सी फॅन, काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप, झालंच तर समुद्रघोडाही. आपल्या समुद्रातून खडकासकट उचलून आणलेलं काहीही घरात घेऊ नका. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, ते अशाच जिवांसाठी. आमच्या डॉक्टरबाईंच्या टँकमध्ये म्हणूनच एकही दगडी प्रवाळ नाही. मऊ प्रवाळ, तेही टँकमध्येच तुकडे करून वाढवलेले. खडक कोरडे, जिवाणू नंतर रुजवलेले. मासा हॅचरीत जन्मलेला. विदूषक माशांची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केव्हाच जमवली आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं काही कारण नाही. बिल मागा, कुठून आणलं ते विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर सरळ बाहेर पडा. आणि झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला, त्यांच्यातल्या काहींच्या अंगात फार जहाल विष असतं.

राहता राहिला लाँग वीकएंड. आपण गोव्याला, आणि टँकची जबाबदारी शेजारच्या काकूंवर. काकू मायाळू. माशाला भूक लागली असेल म्हणून सकाळ-संध्याकाळ डबा उघडणार. गणपतीला मालवणला जाताना धडगावच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यातल्या पावडरीसारख्या कागदाच्या पुड्या बांधतात, एका दिवसाची एक. प्रत्येकीवर तारीख. दहा दिवसांच्या सात पुड्या, तीन दिवस उपास. पुड्या शेजारच्या सिस्टरांकडे, आणि खाण्याचा डबा कपाटात, कुलूप लावून. किल्ली स्वतःबरोबर मालवणला.